दोन काडतुसांची जागा

अर्ज लिहिणाऱ्या माणसाचे नाव अर्जात कोठेही नसते. वर साहेबांचे नाव, खाली दुसऱ्याची सही, आणि मधला सगळा मजकूर ज्याने रचला तो अनामिक. हा अनामिकपणा मी दोन तपे अभिमानाने सांभाळला. त्यातली पहिली वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीबाहेर टेबल-खुर्ची मांडून गेली, आणि पुढची न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या हिल्सबरो भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात. एवढ्या काळात एकाच कागदावर मला स्वतःचे नाव लिहावे लागले. तो प्रसंग सांगण्याचे धाडस आज करीत आहे.

माझे शिक्षण अकरावीपर्यंत झाले आहे. परंतु कायद्याची भाषा ही कॉलेजात शिकण्याची नसून कागदात शिकण्याची गोष्ट आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि आजवर ते कोणी खोडून काढलेले नाही. २०११ साली माझी पत्नी सुनंदा परिचारिका म्हणून ऑकलंडला रुजू झाली आणि तिच्यामागोमाग मी आलो. आठवड्यात पुकेकोहे या शेतीच्या गावी, भाजी निवडून भरणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये फिरत्या पट्ट्यासमोर उभे राहून कुजके कांदे वेगळे काढायचे, ही माझी नोकरी. शनिवारी सकाळी मात्र आमच्या स्वयंपाकघरात कचेरी भरे. महाराष्ट्रातून शिकायला येऊन इथेच स्थिरावलेली मुले, पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, सगळे येत. त्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा दसपट चांगले येते. पण सरकारकडे काय मागावे आणि कोणत्या क्रमाने मागावे, हे येत नाही. कौन्सिलने कुंपणाला हरकत घेतली, शाळेने हद्दीबाहेरचा म्हणून मुलगा नाकारला, डेअरीवाल्याच्या, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या, दारापुढची पार्किंग गेली, की माझ्याकडे यायचे. व्हिसाच्या कागदाला मी हात लावत नाही. त्याला परवाना लागतो, आणि कायदा मोडून कायद्याची सेवा करणे मला मान्य नाही.

अर्ज म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. त्याला वाटते, मनातले लिहिले की अर्ज झाला. मनातले लिहिले की पत्र होते. अर्जाला पाच अवयव असतात: कोणाला, कोणाकडून, काय घडले, कोणत्या नियमाखाली, आणि काय हवे. आमच्या तालुक्यात सहावाही असे. त्याला आम्ही ‘कळवळा’ म्हणत असू. अर्जदार अत्यंत गरीब आहे, पदरी लहान मुले आहेत, न्याय न मिळाल्यास कचेरीच्या आवारात आत्मदहन करण्यावाचून पर्याय राहणार नाही. हे वाक्य अर्जदार वाचत नसे, कारकून वाचत नसे, आणि लिहिणारा मी तर डोळे मिटून लिहीत असे. पण ते नसले, तर अर्ज उघड्या डोक्याने देवळात गेल्यासारखा वाटे.

बंदुकीच्या कायद्याशी माझी गाठ पडेल, असे मला कधी वाटले नव्हते. आमच्याकडे बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्याला, आणि तीही झोपलेली. इथे शेतकऱ्याच्या घरी बंदूक असणे हे आपल्याकडे विळा-कोयता असण्याइतके साधे. परवाना बंदुकीला नव्हे, माणसाला मिळतो. तो देण्याआधी पोलीस घरी येतात, लोखंडी कपाट पाहतात, जवळच्या नातेवाइकाला बसवून विचारतात की हा माणूस कसा आहे. बायकोने चांगले सांगितले तरच नवऱ्याच्या हाती बंदूक, ही पद्धत मला फार सुसंस्कृत वाटते.

माझे पहिले बंदूकवाले गिऱ्हाईक म्हणजे आमच्याच गल्लीतला केतन. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, सुटीच्या दिवशी रेंजवर जाऊन कागदाच्या वर्तुळांवर नेम धरणारा. काही वर्षांपूर्वी मुठीचा नियम बदलला होता. अर्धस्वयंचलित बंदुकीला पिस्तुलासारखी सुटी मूठ असली, तर ती लष्करी धाटणीची ठरू लागली आणि तिला वेगळी, कडक परवानगी लागू लागली. बंदूक तीच, गोळी तीच, नेम तोच. हाताने धरायचा भाग तेवढा निराळा. केतनने मूठ बदलून घेतली, पण नवी मूठ सुटी की जोडलेली, या काळजीने त्याला झोप येईना. त्याची बायको मला म्हणाली, “काका, याला घरी कुकरचं झाकण नीट लावता येत नाही, आणि हा बंदुकीचं हँडल बदलतोय.” मी पोलिसांना सात पानी पृच्छा लिहिली, आकृत्यांसह. उत्तर दोन ओळींचे आले: चालेल. मी त्या वेळी हसलो होतो. पण नंतर विचार केला तेव्हा पटले. कायद्याला माणसाच्या मनाविषयी लिहिता येत नाही. म्हणून तो मुठीविषयी लिहितो, नळीविषयी लिहितो, किती काडतुसे मावतात त्याविषयी लिहितो.

मग २०१९ चा मार्च आला. त्या शुक्रवारी ख्राइस्टचर्चला मशिदींत नमाजाला आलेल्या माणसांवर काय ओढवले, ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी ते दिवस या देशात काढले त्यांना सांगायला नको, आणि इतरांना सांगण्यासारखे शब्द माझ्याकडे नाहीत. काही आठवड्यांतच कायदा बदलला. त्याआधी संसदेच्या समितीने लोकांकडून निवेदने मागवली, पण मुदत जेमतेम दोन-तीन दिवसांची. वेलिंग्टनजवळच्या जॉन्सनव्हिलहून एका मुलीने फोन केला. लहान बाळाची आई, तिला बंदीच्या बाजूने लिहायचे होते आणि रडू येत असल्यामुळे लिहिता येत नव्हते. त्याच दिवशी पॅकहाउसमधला एक डुकरांची शिकार करणारा सहकारी आला. त्याला विरोधात लिहायचे होते, आणि तो चिडला होता. दोन्ही निवेदने मी लिहिली. कोणाचे कोणाला सांगितले नाही. त्या दोन कागदांत मला आजही फेरफार करावासा वाटत नाही.

नगीनकाका माझ्याकडे आले ते त्या हिवाळ्यात, जुलैमध्ये. आले म्हणजे त्यांनी मला बोलावले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मूळचे नवसारीकडचे, पुकेकोहेत लेट्यूस आणि कांद्याची शेती करीत हयात गेलेली. आमच्या पॅकहाउसला त्यांचा माल येई, तेवढी ओळख. पत्नी कुसुमकाकी मराठी, डहाणूच्या. लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच वर्षी त्यांनी बजावले होते म्हणे, की दिवसभर शेतात इंग्रजी, देवळात गुजराती, तर घरात मराठी. नाहीतर मी मुकी होईन. त्यामुळे काकांचे मराठी काकींचे होते, थोडे गुजराती वळणाचे, ‘आणि’ऐवजी अधूनमधून ‘ने’ म्हणणारे. काकी दोन वर्षांपूर्वी गेल्या. मी लिहितो हे कळल्यापासून काका मला वकीलसाहेब म्हणत. ते थट्टेने म्हणत असत, हे मला कळत होते. मी त्यांना कधी अडवले नाही.

त्यांनी लोखंडी कपाट उघडून शॉटगन टेबलावर ठेवली. ती काकींची होती. त्या घरात नेम होता तो काकींचा. ससे आणि रानटी हंस एका सकाळीत लेट्यूसचा अख्खा वाफा सपाट करतात, आणि काकांच्या गोळीला घाबरून ससे उलट जवळ येत, असे ते स्वतःच सांगत. काकी परवाना काढून शिकल्या. मांस शिवत नसत. ससा मारला की आंघोळ करीत, आणि मग शेताच्या कडेला एक गड्डा लेट्यूस मुद्दाम सोडून येत, उरलेल्यांसाठी.

“ने मग तिच्या बोटांना संधिवात झाला,” काका म्हणाले. “काडतूस आत ढकलायचं तर स्प्रिंगच्या विरुद्ध अंगठा दाबावा लागतो. थंडीत तिचे डोळे भरून यायचे. बोलायची नाही. मी बघत होतो ना.”

म्हणून एका हिवाळ्यात त्यांनी ती नळी केली. शॉटगनच्या नळीखाली आणखी एक नळी असते, तिच्यात काडतुसे एकामागे एक बसतात. काकींच्या बंदुकीत पाच बसत. काकांनी पाइपचा तुकडा घेतला, शेजाऱ्याच्या लेथवर आटे पाडले, टोकाला टोपण बसवले, आणि पाचाची सात केली. घरात भरतानाच सात बसली, की थंडीत शेतात काकींना दोनदा कमी दाबायचे. लग्नाच्या वाढदिवसाला तीच भेट. काकांनी आयुष्यात दिलेली प्रत्येक भेट काकींनी दुकानात परत करून पैसे आणले होते. ही एवढी ठेवली.

सात काडतुसे तेव्हा कायदेशीर होती. आता पाचापेक्षा जास्त मावतील अशी अर्धस्वयंचलित शॉटगन, म्हणजे काकींची होती तशी, बाळगणे गुन्हा झाला होता, आणि जमा करायची मुदत वर्षअखेरपर्यंत होती. नळी काढून टाकावी आणि मान्यताप्राप्त कारागिराकडून ती पुन्हा बसणार नाही अशी दुरुस्ती करून घ्यावी, म्हणजे बंदूक ठेवता आली असती. काकांना ते नको होते.

“वकीलसाहेब, मी कायद्याच्या विरुद्ध नाय,” ते म्हणाले. “कायदा बरोबर आहे. तिला विचारलं असतं तर तिनं आणखी कडक केला असता. पण मला ही तशीच ठेवायची, तिनं धरली होती तशी. नळीसकट. काय लिवता येतं का बघ.”

मी कायदा वाचला. त्यात वाट होती. आप्ताची स्मृतिवस्तू म्हणून विशेष महत्त्व असेल, तर पोलिसांच्या वेगळ्या संमतीने बंदी असलेली वस्तूही बाळगता येत होती. अट काय, ते मी पुढच्या पानावर वाचायला हवे होते. ते कलम हाती लागताच मला असा हुरूप आला की पुढचे पान राहिले. मी तीन पाने अर्ज लिहिला. संधिवात लिहिला, लेथ लिहिला, लग्नाचा वाढदिवस लिहिला. अर्ज उत्तम झाला होता, आणि उत्तम झालेला अर्ज बोडका ठेवणे माझ्या हाताला जमेना. शेवटी इंग्रजीत लिहिले, की ही वस्तू हिरावून घेतली गेल्यास अर्जदारास आपले जीवन संपविण्यावाचून अन्य मार्ग उरणार नाही.

काकांना मी अर्ज मराठीत वाचून दाखवला. शेवटचे वाक्य वाचले नाही. ते कोणी वाचत नाही. काकांचा चष्मा आत होता. त्यांनी मी दाखवली तेथे सही केली.

चौथ्या दिवशी, पॅकहाउसमध्ये काम चालू असताना, त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचा होता, थोडा गोंधळलेला. दोन पोलीस येऊन गेले होते, एक बाई आणि एक तरुण. काकांना वाटले, परवानगी घेऊन आले. त्यांनी बसवले. बाईंनी बूट दाराबाहेर काढले, शेजारी बसल्या, आणि हळू आवाजात विचारू लागल्या: झोप लागते का, जेवता का, कोणाशी बोलता का. मग विचारले, की स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का. काकांनी उत्तर दिले, लंचच्या आधी नाही. कोणी हसले नाही. त्यांनी काकींची आणि काकांच्या दोन, अशा तिन्ही बंदुका नेल्या, काडतुसेही नेली, पावती दिली, परवान्याचा फेरविचार होईल असे सांगितले, आणि मुलीचा नंबर मागून घेतला.

“त्या पोऱ्यानं माझ्याच किचनमधे मलाच चहा केला,” काका म्हणाले. “ने साखर नाय टाकली. वकीलसाहेब, तू काय लिवलं त्यात?”

माझ्या हातातला कांदा पट्ट्यावर पडून पुढे गेला. मी त्यांना फोनवर सांगू शकलो नाही. येतो, एवढेच म्हणालो.

काम सुटल्यावर गेलो तेव्हा त्यांची मुलगी मीना अंगणाच्या पायरीवर बसली होती. ती हॅमिल्टनला शाळेत शिकवते. याच देशात जन्मलेली, मराठी सगळे समजते, उत्तर इंग्रजीत. पोलिसांचा फोन येताच ती वर्ग सोडून निघाली होती. तो रस्ता आपण कसा कापला ते आठवत नाही, असे ती मला म्हणाली. अर्जाची प्रत तिच्या मांडीवर होती. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तिने विचारले, “अंकल, हे पप्पा म्हणाले, की तुम्ही?”

कचेरीबाहेर माझ्यावर कारकून ओरडले आहेत, एकदा एका सरपंचाने शाईची दौत फेकली आहे. पण असा साधा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, “मी.”

ती चिडली असती तर मला सोपे गेले असते. तिने फक्त चेहरा तळहातांत धरला आणि तिचे खांदे हलू लागले, आणि ती सुटकेने रडते आहे हे कळायला मला वेळ लागला.

काका आत टेबलाशी लसूण सोलत होते. लोखंडी कपाट उघडेच होते, रिकामे. मी उभ्यानेच सगळे सांगितले: तालुक्याची पद्धत, कळवळा, न वाचलेली ओळ. हातही जोडले. काकांनी सोललेली पाकळी वाटीत टाकली, दुसरी घेतली.

“दोन वर्षांपूर्वी लिवलं असतंस तर खरं होतं,” ते म्हणाले. “तू लेट झालास.”

मी खुर्ची ओढून बसलो. ते लसूण सोलतच होते. काकी गेल्या त्यानंतरच्या महिन्यात एकदा त्यांनी कपाटाची किल्ली स्वतःच शेजाऱ्याकडे नेऊन दिली होती, आणि चार महिन्यांनी परत आणली होती. शेजाऱ्याने का म्हणून विचारले नाही. कोणीच विचारले नाही. हे ते मला हवापाण्याच्या सुरात सांगत होते, आणि मीना दारात येऊन उभी आहे हे त्यांना माहीत नव्हते.

ती येऊन त्यांच्या शेजारी बसली. आणि मराठीत बोलली. तिचे मराठी मी तोवर कधी ऐकले नव्हते. लहान मुलाचे पाऊल पडावे तसा एकेक शब्द.

“पप्पा. मला नाही सांगितलं?”

“तू फोनवर विचारते, हाऊ आर यू पप्पा,” काका म्हणाले. “त्याचं उत्तर गुड एवढंच असतं, बेटा.”

मी उठून अंगणात आलो. तेथे माझे काम नव्हते. परतताना मोटरवेवर मला माझे जुने अर्ज आठवू लागले. शेकडो माणसांच्या नावाने मी जे आत्मदहन लिहिले, त्यांतल्या एखाद्याच्या मनात खरेच काही असेल का, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते वाक्य इतके झिजवले की खरे असते तरी ते कोणाला ऐकू आले नसते. हा विचार आधी कधी माझ्या मनाला शिवला नव्हता. तो अजून पुरता गेलेला नाही.

पुढच्या आठवड्यात मी रजा काढली आणि शस्त्रपरवान्याच्या कार्यालयात काकांबरोबर गेलो. मीना होतीच. अधिकारी बाई माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या समाजातल्या होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. किया ओरा, असा त्यांच्या भाषेतला नमस्कार करून त्यांनी आम्हाला बसवले आणि अर्ज पुढे ठेवून विचारले, हे कोणी लिहिले. मी उठून उभा राहिलो, कारण मला बसून सांगता येईना. आमच्याकडे अर्जात असे लिहिल्याशिवाय फाइल टेबलावरून हलत नाही, असे मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, “इथे हलते. तुम्ही पाहिलंतच.”

त्यांनी मला एक कोरा कागद दिला आणि सांगितले, की हे तुम्ही तुमच्या नावाने लिहून द्या. मी लिहिले: माझे नाव अमुक. नगीनभाईंच्या अर्जातले शेवटचे वाक्य माझे आहे. ते त्यांनी सांगितलेले नाही व मी त्यांना वाचून दाखवलेले नाही. ही चूक माझी आहे. चार ओळी. पाचवी सुचत होती, लिहिली नाही. माझ्या साऱ्या लेखनात याहून तोकडा कागद नाही. मीनानेही लिहून दिले, डॉक्टरांचे पत्र जोडले. बाईंनी काकांना मात्र वेगळ्या खोलीत नेऊन एकट्याने बराच वेळ विचारले. बाहेर आले तेव्हा काकांचे डोळे लाल होते आणि त्या दोघांच्या हातांत बिस्किटे होती.

परवाना राहिला. बंदुका परत मिळणार होत्या. मग बाई स्मृतिवस्तूच्या कलमाकडे वळल्या, आणि जे पान मी वाचले नव्हते ते त्यांनी वाचले. नळीसकट ठेवता येईल, परंतु बंदुकीचा एक मुख्य भाग काढून दुसऱ्या घरी ठेवावा लागेल, आणि ती पुन्हा कधी उडवता येणार नाही. मीना लगेच म्हणाली, भाग माझ्या घरी ठेवीन. मला वाटले, सुटलो; काकांना हवे होते तेच मिळाले.

काकांनी विचारले, “म्हणजे नुसती ठेवायची?”

बाई हो म्हणाल्या.

“सशांचं काय?”

“त्यासाठी तुमच्या दोन आहेतच.”

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “कुसुमला शोभेची वस्तू आवडत नव्हती. शोकेसमधले ग्लास पण ती रोज वापरायची. कामाची बंदूक मुकी करून मी कपाटात ठेवली, तर ती मला काय म्हणेल? ने नळी तर तिच्या बोटांसाठी होती. आता बोटंच नाय.” त्यांनी स्वतःचे हात पुढे केले. मातीने काळवंडलेले, जाड अंगठ्याचे. “हे दाबू शकतात. पाच पुरे.”

मी ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडले. मीनाने मला थांबवले आणि स्वतः सांगितले, वडिलांकडे बघत, एकही शब्द न गाळता.

सप्टेंबरमध्ये आम्ही नळी जमा करायला गेलो. कारागिराने बंदुकीची दुरुस्ती केली होती आणि नळी कागदात गुंडाळून दिली होती. एका सभागृहात टेबले मांडली होती. पोलीस होते, पण हलक्या आवाजात बोलणारे, आणि बंदुका घेऊन रांगेत उभी माणसे एकमेकांच्या नजरा टाळत होती. कोणी वडिलांची आणली होती, कोणी कालपरवा हौसेने घेतलेली. आमच्या पुढचा माणूस आपली टेबलावर ठेवून मागे सरला आणि पुन्हा पुढे होऊन तिच्यावरचा बोटाचा डाग बाहीने पुसला.

आमची पाळी आली. टेबलामागच्या तरुण पोलिसाने नळी हातात घेतली, यादीत शोधली, आणि ओशाळून म्हणाला की ही घरगुती दिसते, यादीत नाही, त्यामुळे हिची भरपाई देता येणार नाही. काका म्हणाले, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या बोलीत काही हरकत नाही, भरपाई नको, पावती द्या. त्याने पावती काढली. वर्णनाच्या रकान्यात काय लिहू, असे त्याने विचारले.

मी पुढे सरसावलो. वर्णन हा माझा प्रांत. ओठांवर सहा-सात चांगली वाक्ये तयार होती. मग मी मागे आलो आणि म्हणालो, “काका, तुम्ही सांगा.”

काकांनी आपल्या मोडक्या, पन्नास वर्षांच्या शेतातल्या इंग्रजीत त्याला सांगितले. पोऱ्याने मान खाली घालून लिहून घेतले, शिक्का मारला, कागद फाडून दिला. नळी मागच्या पेटीत ठेवताना त्याने ती टाकली नाही. वाकून, दोन्ही हातांनी ठेवली.

गाडीत बसल्यावर काकांनी पावती माझ्याकडे दिली. चष्मा पुन्हा घरी राहिला होता. “वाच,” ते म्हणाले, “ने मराठीत वाच. तिला इंग्रजीत वाचलेलं आवडायचं नाय.”

मागच्या सीटवर मीना होती. मी कागद उजेडाकडे धरला. “नळी एक. हाताने केलेली. पत्नीची बोटे दुखत असत म्हणून.”

“आणि?”

“आणि काही नाही, काका. खाली शिक्का आहे.”

त्यांनी पावती घेतली, चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात धरून बसले. “बस,” ते म्हणाले. “एवढंच होतं.”